दंडातील धमनीची प्रसरण चाचणी (एफएमडी) : ग्राहकांसाठी माहिती

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘एफएमडी’ असे लिहिलेले असल्यास आपल्या दंडातील मुख्य धमनी गरजेप्रमाणे किती रुंदावते, हे सोनोग्राफीने मोजायचे आहे असे समजावे. या मोजणीत सुई, कॅथेटर किंवा क्ष-किरण यांपैकी कशाचाही वापर होत नाही.

धमनी म्हणजे नुसती नळी नव्हे. तिला आतून पेशींच्या एकाच थराचे अस्तर असते, त्याला एंडोथेलियम म्हणतात. रक्ताचा प्रवाह वाढला की त्याचे घर्षण या अस्तराला जाणवते, ते नायट्रिक ऑक्साइड सोडते आणि भिंतीतील स्नायू सैल पडून धमनी रुंदावते. नायट्रिक ऑक्साइडचे हे कार्य उलगडणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो व मुराद या शास्त्रज्ञांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मधुमेह, उच्च रक्तदाब व तंबाखू यांमुळे हे अस्तर धमनीत अडथळा दिसू लागण्याच्या पुष्कळ आधी दुबळे होते. ते बाहेरून ओळखण्याची ही पद्धत लंडनमधील सेलरमायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडली.

आपल्याला उताणे झोपवून हात बाजूला आधारावर ठेवला जातो, कोपराच्या घडीच्या थोडे वर जेल लावून प्रोब धरला जातो आणि धमनीचा मूळ व्यास नोंदवला जातो. त्यानंतर कोपराखाली बांधलेला पट्टा आपल्या वरच्या रक्तदाबापेक्षा किमान ५० अंकांनी जास्त फुगवून ५ मिनिटे तसाच ठेवतात. या वेळात हाताला मुंग्या येतात, बोटे जड व फिकट होतात; हे अपेक्षितच आहे, मात्र वेदना असह्य झाल्यास लगेच सांगावे, पट्टा त्याच क्षणी सोडला जाईल. पट्टा सुटताच रक्त जोराने धावते आणि साधारण एका मिनिटाच्या आसपास धमनी सर्वांत रुंद होते, म्हणून पुढची काही मिनिटे हात जराही हलवू नये, बोलणेही टाळावे.

हा आग्रह का, ते आकड्यांवरून लक्षात येईल. मूळ व्यास ४.०० मिलिमीटर असून तो ४.२८ झाला, तर वाढ ७ टक्के होते. हा सारा फरक मिलिमीटरच्या एक तृतीयांशाहूनही कमी आहे. प्रोब किंचित तिरका झाला तरी निष्कर्ष बदलतो. म्हणूनच आम्ही ही मोजणी घाईने करत नाही.

तयारीही तितकीच महत्त्वाची आहे. किमान ६ तास उपाशी असावे (पाणी चालेल). चहा, कॉफी, बिडी, सिगारेट, तंबाखू आणि मिश्रीसुद्धा त्या सकाळी वर्ज्य आहे. यंत्रमागावर रात्रपाळी करून थेट तपासणीला येऊ नये, कारण जागरणाचा परिणाम याच अस्तरावर होतो. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशीची वेळ मागून घ्यावी. सोलापूरच्या उन्हाळ्यात बाहेर पारा ४० च्या वर असताना आत येऊन लगेच मोजणी केल्यास ती विश्वासार्ह ठरत नाही, त्यामुळे गार खोलीत १५ ते २० मिनिटे स्वस्थ पडून राहावे लागते. नेहमीची औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. फक्त त्यांची यादी आणावी. मधुमेहाचे औषध किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशी राहण्याबाबत आधी डॉक्टरांशी बोलावे. डायलिसिससाठी फिस्टुला केलेल्या किंवा स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढलेल्या बाजूच्या हातावर पट्टा बांधता येत नाही, हे नाव नोंदवतानाच सांगावे.

या चाचणीने हृदयाच्या धमनीत अडथळा आहे की नाही, हे कळत नाही. छातीत दुखत असल्यास, दम लागत असल्यास किंवा घाम फुटत असल्यास आमच्याकडे वेळ न घेता थेट रुग्णालयात जावे. आकडा चांगला आला म्हणून रक्तदाबाची गोळी सोडणे धोक्याचे आहे, हे आम्ही प्रत्येकाला मुद्दाम सांगतो.

अहवालात कोणता हात, कोपराच्या घडीपासून किती सेंटिमीटरवर मोजणी केली आणि किती वाजता केली, हे लिहिलेले असते. पुन्हा तपासणीला येताना तो कागद सोबत आणावा, म्हणजे त्याच जागी, त्याच सुमारास मोजणी करता येईल.