मेणाच्या जागी लाकूड : गुब्बियोच्या चेरी उत्सवाची पार्श्वभूमी

मध्य इटलीतील उंब्रिया प्रदेशात, इंजिनो डोंगराच्या उतारावर वसलेल्या गुब्बियो या जुन्या दगडी नगरात दर वर्षी १५ मे रोजी तीन अवजड लाकडी मनोरे खांद्यावर घेऊन, धावत, डोंगरावरच्या बॅसिलिकेत नेले जातात. पाहणाऱ्याला ही शर्यत वाटते आणि तिचे वर्णनही बहुतेक वेळा शर्यत म्हणूनच केले जाते. परंतु सर्वांत पुढे नगराचे आश्रयदाते संत उबाल्दो यांचा मनोरा, त्यामागे संत जॉर्ज यांचा आणि शेवटी इजिप्तचे मठवासी संत अँथनी यांचा, हा क्रम कायमचा ठरलेला आहे. मागच्याने पुढच्याला ओलांडायचे नसते. जिथे जिंकण्याची सोयच नाही, तिथे शेकडो माणसे जीव तोडून का धावतात, हे समजून घ्यायचे तर या मनोऱ्यांच्या नावापासून सुरुवात करावी लागते. त्यांना ‘चेरी’ म्हणतात, एकवचनी ‘चेरो’. या इटालियन शब्दाचा अर्थ आहे मोठी मेणबत्ती.

उबाल्दो बाल्दास्सिनी यांचा जन्म गुब्बियोतच, अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. ११२९ मध्ये ते तिथले बिशप झाले आणि १६ मे ११६० रोजी निधन होईपर्यंत त्या पदावर राहिले. त्यांच्यामागून बिशप झालेल्या तेओबाल्दो यांनी त्यांचे चरित्र लिहून ठेवले, त्यामुळे या संताची आठवण केवळ दंतकथेवर अवलंबून राहिली नाही. त्यांच्याविषयी सांगितला जाणारा एक प्रसंग मला विशेष महत्त्वाचा वाटतो. नगराच्या तटाची दुरुस्ती चालू असताना बिशपांच्या द्राक्षमळ्याचे नुकसान होऊ लागले, म्हणून त्यांनी गवंड्यांच्या मुकादमाला हटकले. त्याने रागाच्या भरात त्यांना ओल्या चुन्यात ढकलून दिले. लोक खवळले, मुकादमाला शिक्षा होणार हे उघड होते. पण उबाल्दो यांनी न्याय करण्याचा अधिकार आपल्याकडे घेतला आणि त्याला क्षमा करून सोडून दिले. आज उबाल्दो यांचा चेरो ज्यांचा मानला जातो, तो संघ गवंड्यांचाच आहे. या दोन गोष्टींचा थेट संबंध असल्याचा पुरावा नाही, तरीही गुब्बियोत ही कथा ऐकताना त्या चेरोची आठवण होणे स्वाभाविक आहे.

दुसरी आठवण राजकीय आहे. ११५५ मध्ये सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने स्पोलेतो शहराचा विध्वंस केला आणि त्याचे सैन्य गुब्बियोच्या दिशेने आले, तेव्हा वृद्ध बिशपांनी त्याला सामोरे जाऊन नगर वाचवले, असे चरित्रकार सांगतात. नगराचा रक्षणकर्ता म्हणून उबाल्दो यांना मिळालेले स्थान या आठवणीवर उभे आहे. पोप सेलेस्टाइन तिसरे यांनी ११९२ मध्ये त्यांना संतपद दिले आणि ११९४ मध्ये त्यांचा देह नगरातून डोंगरावर हलवण्यात आला. उत्सवाच्या स्वरूपाच्या दृष्टीने हे स्थलांतर निर्णायक ठरले, कारण तेव्हापासून संताला भेटायचे म्हणजे डोंगर चढायचा, असे समीकरण तयार झाले.

संताच्या पुण्यतिथीच्या पूर्वसंध्येला नगरवासी दिवे घेऊन मिरवणुकीने निघत आणि वेगवेगळ्या व्यवसायांचे संघ मेण अर्पण करत. मध्ययुगात मेण महाग होते. वेदीवर जळणारी शुद्ध मेणाची वात ही खरीखुरी संपत्ती होती. म्हणून किती मेण दिले यावरून त्या संघाची भक्ती आणि ऐपत दोन्ही दिसत असे, आणि मेणबत्त्यांचा आकार वाढत जाणे ओघानेच आले. पुढे, साधारण सोळाव्या शतकात, मेणाची जागा लाकडी बांधणीने घेतली. अर्पण जळून जाण्याऐवजी दर वर्षी पुन्हा उचलायची वस्तू झाले, आणि जे मूल्य पूर्वी मेणात होते ते आता वाहणाऱ्याच्या श्रमात आले. माझ्या मते या उत्सवाच्या इतिहासातील सर्वांत मोठा बदल हाच आहे.

उत्सवाचे मूळ ख्रिस्ती नसून त्याहून प्राचीन आहे, असाही एक पक्ष आहे. पंधराव्या शतकात गुब्बियोत सात कांस्यपट्ट सापडले. प्राचीन उंब्रियन भाषेतील त्या लेखांत नगरशुद्धीच्या मिरवणुका आणि बळींचे विधी तपशिलाने दिलेले आहेत. त्यांच्या आधारे आणि धान्यदेवता सेरेस हिच्या नावाशी असलेल्या साम्यावरून, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काही अभ्यासकांनी चेरी हे वसंतोत्सवाचे अवशेष असल्याचे मांडले. कल्पना आकर्षक आहे, परंतु पट्टांचा काळ आणि उबाल्दो यांचा काळ यांच्यामध्ये हजाराहून अधिक वर्षांचे अंतर आहे आणि ते सांधणारा दुवा हाती नाही. मेणाच्या अर्पणाची परंपरा मात्र नावातच टिकून आहे.

आजचा चेरो म्हणजे एकावर एक चढवलेले दोन पोकळ अष्टकोनी लाकडी स्तंभ, शिखरावर संताची मूर्ती आणि खाली वाहण्यासाठी चौकट. उंची चार मीटरहून अधिक, वजन तीनशे किलोच्या आसपास. संत जॉर्ज यांचा चेरो व्यापारी आणि कारागिरांचा, संत अँथनी यांचा शेतकऱ्यांचा. वाहणाऱ्यांची पांढरी विजार आणि लाल कमरबंद सर्वांना समान. सदरा मात्र अनुक्रमे पिवळा, निळा आणि काळा. दुपारी नगरभवनासमोरच्या चौकात चेरी उभे केले जातात, त्या वेळी वरून पाण्याची मातीची सुरई फेकली जाते आणि तिची खापरे शुभ म्हणून लोक वेचून घेतात. संध्याकाळी चार किलोमीटरहून अधिक धाव सुरू होते. तिच्या अखेरच्या टप्प्यात सुमारे तीनशे मीटरची चढण आहे, आणि खांदेकरी धावता धावताच बदलावे लागतात. चुरस आहे ती एकाच ठिकाणी: उबाल्दो यांचा चेरो बॅसिलिकेत शिरला की त्याचे खांदेकरी मागच्यांसाठी दार बंद करू पाहतात. एरवी चेरो पडू न देणे आणि पुढच्यापासून मागे न राहणे, हीच कसोटी.

या उत्सवाचे नगराबाहेरचे पडसाद त्याची खोली दाखवतात. १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धाच्या आघाडीवर, कोल दि लाना येथे, गुब्बियोच्या सैनिकांनी हाताशी आलेल्या सामानातून चेरी बांधून धाव घेतली. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा खाणींत गेलेल्या स्थलांतरितांनी जेसप या गावी तोच उत्सव रुजवला. १९७३ मध्ये तीन चेरी हे उंब्रिया प्रदेशाचे अधिकृत चिन्ह झाले. २०२० आणि २०२१ मध्ये महासाथीमुळे धाव झाली नाही. २०२२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली.

धाव संपल्यावर लाकडी चेरी डोंगरावर बॅसिलिकेतच ठेवले जातात आणि पुढच्या मे महिन्याच्या पहिल्या रविवारी खाली आणले जातात. तिन्ही संतांच्या मूर्ती मात्र त्याच रात्री उतरवून, गाणी म्हणत, पेटत्या दिव्यांच्या उजेडात गवंड्यांच्या छोट्या चर्चमध्ये परत नेल्या जातात.