ग्लुकोजचं पाणी टाळता येईल का? गर्भारपणातल्या शुगर तपासणीची पार्श्वभूमी

चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात गरोदर बाईला रक्तातली साखर तपासण्यासाठी ग्लुकोजचं पाणी प्यायला देतात. अनेकींच्या पोटात ते ठरत नाही, आणि मग विचारणा होते की याऐवजी दुसरं काही चालेल का? प्रश्न रास्त आहे आणि जुनाही आहे. आपल्या सरकारी दवाखान्यांत आज होणारी तपासणी मुळात एक पर्याय म्हणूनच पुढे आली.

सुरुवात बोस्टनमध्ये झाली. जॉन ओ'सलिव्हन आणि क्लेअर मॅहन यांनी ७५२ गरोदर स्त्रियांना उपाशीपोटी १०० ग्रॅम ग्लुकोज देऊन तीन तासांत चार वेळा रक्त तपासलं आणि १९६४ साली रक्तातल्या साखरेच्या मर्यादा ठरवल्या. आईला पुढच्या आयुष्यात मधुमेह होईल का, याचा अंदाज घेण्यासाठी त्या आखल्या होत्या. बाळाचं काय होतं, हा तेव्हा निकषच नव्हता. तरीही पुढची कित्येक दशकं जगभरातले निकष याच पायावर उभे राहिले.

बाळाचा हिशेब मांडला गेला तो २००८ साली. नऊ देशांतल्या तेवीस हजारांहून अधिक स्त्रियांच्या 'हॅपो' अभ्यासात आईची साखर जसजशी वाढते तसतसं मोठ्या वजनाच्या बाळाचं प्रमाणही वाढतं, हे स्पष्ट झालं. त्यावरून ७५ ग्रॅम ग्लुकोजच्या चाचणीसाठी उपाशीपोटी ९२, एका तासानं १८० आणि दोन तासांनी १५३ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) हे आकडे आले. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ते स्वीकारले. या अभ्यासात भारतातलं एकही केंद्र नव्हतं.

आपल्याकडची अडचण वेगळीच होती. लांबून एसटीनं आलेल्या बाईला "उद्या उपाशीपोटी या" म्हटलं की ती पुन्हा येईलच याची खात्री नसते. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी म्हणूनच एकाच फेरीत उरकणारी पद्धत मांडली: जेवण झालेलं असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायचं आणि दोन तासांनी एकदाच रक्त तपासायचं. साखर १४० किंवा जास्त आली की गर्भारपणातल्या मधुमेहाचं निदान. केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत हीच पद्धत आहे. पहिल्या भेटीत एकदा आणि चोविसाव्या आठवड्यानंतर पुन्हा. प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी परत करायची. चेन्नईतल्याच दुसऱ्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये आक्षेप घेतला की उपाशीपोटी न केल्यानं बऱ्याच जणी निसटतात. आक्षेपात तथ्य आहे. तरी गावातल्या आरोग्य केंद्रात जी तपासणी खरोखर होऊ शकते ती हीच, असं मला वाटतं.

ग्लुकोजऐवजी गोड खाऊन पाहण्याचे प्रयोग अमेरिकेत झाले. १९९९ च्या एका अभ्यासात ५० ग्रॅम ग्लुकोजच्या पेयाऐवजी २८ जेली बीन्स (साखरेच्या मऊ गोळ्या) दिल्या. बायकांना त्रास कमी झाला, पण निष्कर्षावर विसंबावं इतका तो अभ्यास मोठा नव्हता. शिवाय साध्या साखरेतून निम्मं ग्लुकोज आणि निम्मं फ्रुक्टोज मिळतं. त्यामुळे उसाचा रस किंवा जिलबी खाऊन आलेला आकडा ग्लुकोजच्या मर्यादांशी ताडून पाहता येत नाही.

२०२० मध्ये करोनामुळे दवाखान्यात दोन-तीन तास बसवणं धोक्याचं झालं. ब्रिटनमध्ये एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्तचाचणी) आणि साध्या रक्तशर्करेवर, तर ऑस्ट्रेलियात आधी फक्त उपाशीपोटीच्या साखरेवर भागवण्याचा सल्ला दिला गेला. आपल्याकडच्या बायकांना हे दोन्ही पर्याय जपूनच लावायला हवेत. आशियाई स्त्रियांत उपाशीपोटीची साखर अनेकदा ठीक असते आणि जेवणानंतरची चढते. 'हॅपो'च्या हाँगकाँग आणि बँकॉक केंद्रांत तर उपाशीपोटीच्या आकड्यावरून जेमतेम पाव रुग्ण सापडल्या असत्या. एचबीए१सीचा आकडा तांबड्या पेशींच्या आयुष्यावर अवलंबून असतो. गर्भारपणात त्या पेशी लवकर बदलतात म्हणून आकडा कमी दिसतो, आणि लोहाची कमतरता तो उलट वाढवते. रक्तक्षय घरोघरी असलेल्या देशात तो एकट्यानं फसवा ठरतो.

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांना मात्र ग्लुकोजचं पाणी खरोखर सोसत नाही. त्यांच्यासाठी डॉक्टर याच आठवड्यांत साधारण आठवडाभर घरी ग्लुकोमीटरनं उपाशीपोटी आणि जेवणानंतर साखर तपासायला सांगतात. उपाशीपोटी ९५ च्या आत, जेवणानंतर एका तासानं १४० च्या आत आणि दोन तासांनी १२० च्या आत, हे उपचारात वापरले जाणारे आकडे तिथे धरतात. वारंवार उलटी होणाऱ्या इतर बायकांनाही हा मार्ग आपल्या डॉक्टरांना विचारता येतो.