अ‍ॅग्रीमेंट आहे, पण पावती आहे का?

सोसायटीच्या ग्रुपवर कुणी ‘ओनर डिपॉझिट परत देत नाहीये, काय करू?’ असं विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: ‘रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंट आहे ना? मग घाबरतोस कशाला!’ उत्तर देणारे चांगले शिकलेले असतात, काहींनी तर स्वतःचा फ्लॅट भाड्याने दिलेला असतो. तरीही करारनामा आणि पावती हा एकच कागद असल्यासारखं बोलतात.

करारनामा पुण्यात सगळ्यांना पाठ आहे, म्हणून तो झटपट उरकतो. लिव्ह अँड लायसन्स, ११ महिने, एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो, आधार, फोटो, झालं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १००० रुपये. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात अनामतीवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याजही मोजतात. ‘११ महिन्यांचा आहे, नोटरी पुरे’ हे महाराष्ट्रात चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि तो नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. त्याने नोंदवला नाही, तर करारातल्या अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. पोलीस व्हेरिफिकेशन हे आणखी तिसरंच काम, त्याचा याच्याशी संबंध नाही.

आता खरा घोळ. काय ठरलं ते करारात असतं, काय दिलं ते पावतीत. करारात ‘दरमहा १८,००० रुपये’ लिहिलंय म्हणून तुम्ही मार्चचे अठरा हजार दिले असं होत नाही. पत्रिका छापली म्हणून लग्न लागलं असं कुणी म्हणतं का?

रोख भाड्यात नेमकं हेच नडतं. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेचं भाडं देऊन राहणारी एमपीएससीची पोरं घ्या, नाहीतर कर्वेनगरात वरच्या मजल्यावरचं जोडपं. मालक काका-काकू खालीच राहतात. एक तारखेला पाकीट खाली न्यायचं, काकू चहाला बसवणार, अशात पावती मागायची म्हणजे अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. वर्षभर सगळं गोड. घर सोडायच्या दिवशी काका म्हणतात, ‘मे आणि ऑगस्टचं राहिलंय बरं का,’ आणि दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून वजा. तुम्ही रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंट पुढे करता. त्यात भाडं किती एवढंच लिहिलंय, आणि काका तेवढंच तर मागतायत! ज्या कागदाच्या भरवशावर तुम्ही वर्ष काढलं, तो त्यांचीच बाजू मांडतो. कलम ५५ सुद्धा इथे उपयोगाचं नाही, कारण तेही अटींबद्दल आहे. मे महिन्याचे पैसे पोचले की नाही याबद्दल नाही.

डिपॉझिटचं थोडं वेगळं. बऱ्याच करारांत अनामत रकमेसोबत चेक नंबर किंवा यूपीआयचा व्यवहार क्रमांक असतो. तसं असेल तर त्या रकमेपुरता करारच पावतीचं काम करतो. म्हणून सही करण्याआधी ते एक वाक्य वाचा: अनामत ‘मिळाली आहे’ म्हटलंय की ‘देण्याचे ठरले आहे’? आणि कागदावर ३०,००० दाखवून हातात ५०,००० घेण्याची जी रीत आहे, तिला सरळ नाही म्हणा. नोंदवलेल्या करारात एक आकडा असताना खरा दुसराच होता हे कोर्टात पटवणं महाकठीण. वरचे वीस हजार गेले असंच समजा.

पावती मागायला लाजू नका. त्याच १९९९ च्या कायद्याच्या कलम २६ प्रमाणे मिळालेल्या रकमेची लेखी पावती घरमालकाने द्यायचीच असते, न देणं हा दंडनीय गुन्हा आहे. रक्कम, तारीख, कोणत्या महिन्याचं भाडं, कोणत्या घराचं, आणि मालकाची सही. रोख ५००० च्या वर असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प. एवढंच.

माझं मत विचाराल तर रोख द्यायचंच नाही. यूपीआय करा आणि शेऱ्यात ‘जून भाडे’ किंवा ‘डिपॉझिट’ असं लिहा, नाहीतर तेच पैसे कशाचे होते यावरून भांडण होतं. पैसे करारात ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात जाऊ द्या. एजंटच्या नको, मालकाच्या मुलाच्याही नको. ‘आम्ही रोखच घेतो’ म्हणणाऱ्या मालकाला आयकर खात्यापासून काही लपवायचंय असंच मी धरून चालतो. रोख देऊन बसलाच असाल, तर त्याच दिवशी मेसेज टाका: ‘काका, जूनचे अठरा हजार आज काकूंकडे दिले, पोचले ना?’ त्यावर आलेला ‘हो’ सांभाळून ठेवा. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र जोडून तो कोर्टात दाखवता येतो. एटीएममधून पैसे काढल्याची नोंद मात्र तुम्ही पैसे काढले एवढंच सांगते.

ग्रुपवरचे आणखी काही सल्ले. ‘शेवटचे दोन महिने भाडं देऊ नकोस, डिपॉझिटमधून वळतं होईल.’ करारात तशी मुभा नसेल तर तुम्ही आपणहून थकबाकीदार होता, आणि रंगकामाचे पैसे कापायला मालकाला निमित्त मिळतं. ‘डिपॉझिट मिळेपर्यंत घर सोडू नकोस’ हा त्याहून वाईट. मुदत संपल्यावर राहिलात तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई लागू शकते. थोड्याच महिन्यांत डिपॉझिट त्यातच संपेल. आणि दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेताच येत नाही, हे केंद्राच्या २०२१ च्या मॉडेल टेनन्सी अ‍ॅक्टमधलं आहे. तो नमुना आहे, राज्याने कायदा केल्याशिवाय लागू होत नाही.

पोलीस चौकीत गेलात तर ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ ऐकून परत याल. त्यापेक्षा वकिलाकडून नोटीस पाठवा. ती स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह जाऊ द्या, कारण तिच्याही पोचपावतीची गरज पडते. उत्तर आलं नाही तर शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व, म्हणजे दावा लावण्याआधीचा अर्ज करता येतो, तडजोड झाली तर तिथेच मिटतं. नाहीच मिटलं तर पैशांच्या वसुलीचा दावा लावायला साधारण तीन वर्षं असतात. यातल्या प्रत्येक ठिकाणी करार दाखवल्यावर पुढचा प्रश्न येतो तो पैसे दिल्याच्या पुराव्याचा.