फेरेटला बागेतली माती उकरू द्यायची का?

बडोद्यात कोणी फेरेट पाळला की पहिली तक्रार ठरलेली, सगळ्या कुंड्या उलथून टाकतो हो! टाकणारच. युरोपातल्या पोलकॅटचा (मुंगसासारखा दिसणारा छोटा शिकारी प्राणी) हा पाळीव वंशज, बिळात घुसून ससे बाहेर हुसकवायला माणसाने दोनेक हजार वर्षांपासून पाळलेला, उकरणं हेच त्याचं काम. त्याला रागवून काही होत नाही. प्रश्न आहे मातीचा.

आता कारेलीबाग घ्या नाहीतर मांजलपूर, सोसायटीच्या बागेत रात्री गल्लीतली कुत्री-मांजरं येऊन जातातच. त्यांच्या पोटातल्या टॉक्सोकारा नावाच्या जंताची अंडी शी मधून मातीत पडतात आणि गंमत म्हणजे ताजी असताना ती काहीच करत नाहीत, मातीत दोन-चार आठवडे मुरली की मग त्यांच्यातली अळी तयार होते आणि नंतर ती वर्षानुवर्षं टिकतात. म्हणजे घाण दिसते ती जागा नाही, तर सगळं वाळून-विरून गेलंय, छान स्वच्छ वाटतंय ती जागा जास्त वाईट. फेरेट तिथे नाक खुपसतो, मग घरात येऊन सोफ्यावर, आणि त्याचे पंजे हातात घेऊन खेळणारं लहान पोर तेच बोट तोंडात घालतं. माणसात या अळ्या लिव्हर, फुप्फुस, कधी डोळ्यापर्यंत जातात.

डिस्टेंपर या कुत्र्यांच्या साथीच्या आजाराचं बरोबर उलटं. तो व्हायरस कडक उन्हात फार टिकत नाही, पण आजारी कुत्र्याची लाळ-शेंबूड ताजा असेल आणि फेरेटने हुंगला तर संपलंच, लस नसेल तर जवळजवळ शंभर टक्के मरतात. आणि कुत्र्याची कोणतीही लस उचलून द्यायची नाही बरं का, काही लसींनीच फेरेटला डिस्टेंपर होऊ शकतो, त्यामुळे फेरेट बघणाऱ्या डॉक्टरलाच विचारा.

पावसाळ्यात अजून एक भर. २०२४ च्या ऑगस्टमधे विश्वामित्री नदीचं पाणी घराघरात घुसलं ते आठवत असेलच. अशा चिखलात उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरा हा लेप्टो तापाचा जंतू येतो, ओल्या मातीत तो आठवडेच्या आठवडे जगतो, सुरत-नवसारी-वलसाडकडे तर दर पावसाळ्यात त्याची धास्ती असते. फेरेटला लेप्टो झाल्याचं क्वचितच ऐकू येतं, पण त्याचे चिखलाचे पाय पुसणारा हात आपला असतो आणि त्याने ओरबाडलेलाही असतो.

मला स्वतःला जंतूंपेक्षा औषधांची जास्त भीती वाटते. बंगल्याच्या पायाला वाळवीचं औषध मारलेलं असतं, कोपऱ्यात उंदराचं औषध. किलो-सव्वा किलोचा जीव, त्याला कितीसं लागणार! विष खाल्लेला उंदीर त्याने पकडून खाल्ला तरी पुरे, आणि दोन-चार दिवस काही कळतच नाही, मग हिरड्या पांढऱ्या पडतात, शीमधे रक्त. रक्त गोठू न देणाऱ्या उंदराच्या औषधावर व्हिटॅमिन के हा उतारा आहे पण वेळेत पाहिजे, म्हणून औषधाचं पाकीट फेकायचं नाही, डॉक्टरकडे घेऊन जायचं.

त्यापेक्षा एक मोठा टब घ्या, खत किंवा औषध न घातलेली माती ओलसर करून झाकण ठेवून अर्धा तास चांगली वाफवा (घरात वास सुटेल, गच्चीवर करा), गार झाली की टबात भरा. जंतांची अंडी मरतात, धनुर्वाताचे बीजाणू मात्र एवढ्याने मरत नाहीत, तेव्हा पंजाला जखम असेल तर टब बंद. आणि एप्रिल-मे मधे हा कार्यक्रम एसीच्या खोलीतच करा, तिशीच्या वर तापमान गेलं की फेरेटला हीटस्ट्रोक होऊ शकतो.