भोकांवरून वाचलेलं नीम

फ्रान्सच्या दक्षिणेला नीम नावाचं शहर आहे. कडुनिंबाशी त्याचा काही संबंध नाही. तिथल्या झऱ्याच्या देवाचं नाव नेमौसस, त्यावरून रोमन लोकांनी गावाला तेच नाव दिलं आणि पुढे ते झिजत झिजत नीम झालं. गावाच्या मधोमध एक रोमन देऊळ उभं आहे, मेझाँ कारे. समोर सहा खांब, वर त्रिकोणी माथा, छप्परसुद्धा शाबूत. पण हे देऊळ बांधलं कोणासाठी, हे अठराव्या शतकापर्यंत कोणालाच ठामपणे सांगता येत नव्हतं. खांबांवरच्या दगडी पट्टीवर लेख उरलाच नव्हता. होती ती नुसती भोकं.

लेख कोरलेला नव्हता, ठोकलेला होता. काशाची अक्षरं ओतायची, त्यांच्या पाठीला खुंट्या ठेवायच्या आणि त्या दगडात बसवायच्या, अशी पद्धत. पुढे कधीतरी धातूच्या लोभाने कोणीतरी अक्षरं उपटून नेली. १७५८ मध्ये नीमचाच रहिवासी असलेला वनस्पतिशास्त्रज्ञ झाँ-फ्रांस्वा सेगिए याने तिथे परांची बांधली आणि एकेक भोक जागच्या जागी कागदावर उतरवून घेतलं. मग कोडं सुरू झालं. तीन भोकांच्या एकाच मांडणीत दोन-तीन वेगवेगळी अक्षरं बसू शकतात, त्यामुळे सुटं अक्षर ओळखणं जवळजवळ अशक्य. पण रोमन लेखांची भाषा ठरीव असते, आपल्या लग्नपत्रिकेसारखी. नाव, बापाचं नाव, पद, सगळं ठरलेल्या क्रमाने. त्या साच्याच्या आधाराने सेगिएने ओळ लावली : रोमन सम्राट ऑगस्टसचे दत्तक पुत्र गाइयस आणि लुसियस सीझर, 'तरुणांचे अग्रणी'. दोघेही ऐन तारुण्यात वारले होते. देऊळ इसवी सनाच्या पहिल्या काही वर्षांतलं ठरलं. मला स्वतःला हा प्रकार कुठल्याही उत्खननापेक्षा मोठा वाटतो. जे नाही, तेच त्याने वाचलं.

देऊळ टिकलं याचं कारण मात्र पुरातत्त्वप्रेम नव्हे. ते रिकामं राहिलं नाही. नगरसभेची जागा, कोणाचं घर, घोड्यांची पागा, मठाचं चर्च, सरकारी दप्तरखाना, संग्रहालय, असं काही ना काही चालूच राहिलं. २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव लागलं, ते फारच उशिरा. जवळचं अंडाकृती रंगमंडलही असंच वापरात राहून टिकलं. १३३ मीटर लांब, सुमारे २४ हजार प्रेक्षकांचं. मध्ययुगात त्याच्या कमानींत भिंती घालून आतमध्ये अख्खी वस्ती राहत होती, शेकडो माणसं आणि दोन चर्चं. ती घरं पाडायचं काम १७८६ मध्ये सुरू झालं.

उलट टेकडीवरच्या तूर मान्य या बुरुजाचं दैव खोटं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रांस्वा त्रोका या माळ्याला वाटलं, आत सोनं पुरलंय. राजाची परवानगी काढून त्याने बुरुज आतून पोखरला. सोनं निघालं नाही, बुरुज खिळखिळा झाला. (याच माणसाने या भागात तुतीची लागवड वाढवली. रेशमातून पैसा आला तो असा, खणून नव्हे. नीमचं कापड पुढे इतकं गाजलं, की बहुतेक शब्दकोश 'डेनिम' हा शब्द 'द नीम', म्हणजे 'नीमचं', यावरून आला असं सांगतात. आणि 'डंगरी' हे जाड्याभरड्या कापडाचं नाव आलं आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून.)

गावाचा मूळ झरा चुनखडीच्या डोंगरातला. असे झरे पावसात उसळतात आणि उन्हाळ्यात रोडावतात. गाव वाढलं, तसं पहिल्या शतकात रोमनांनी उझेस या गावाजवळच्या झऱ्याचं पाणी आणायचं ठरवलं. सरळ रेषेत अंतर २० किलोमीटर, पण मध्ये टेकड्या. त्यांना वळसा घालत कालवा झाला ५० किलोमीटरचा. आणि एवढ्या प्रवासात उतार मिळाला अवघा १२.६ मीटर. सीएसएमटीहून निघून जवळजवळ कल्याण गाठायचं आणि तेवढ्यात चारमजली इमारतीइतकंच खाली यायचं, असा हिशेब. किलोमीटरमागे २५ सेंटिमीटर!

उतार मोजायला रोमनांकडे काय होतं? व्हिट्रुव्हियस या वास्तुकाराने वर्णन केलेलं एक साधन म्हणजे सुमारे ६ मीटर लांबीचं लाकडी बाक. बाजूंना ओळंबे. वाऱ्याने ओळंबे हलू लागले, तर वरच्या खाचेत पाणी भरून बघायचं. आपला गवंडी पाण्याच्या नळीने लेव्हल काढतो, तत्त्व तेच. आता गंमत बघा. ६ मीटरला १ मिलिमीटर चुकलं, आणि प्रत्येक वेळी एकाच बाजूला चुकत गेलं, तर किलोमीटरमागे सुमारे १७ सेंटिमीटरची चूक जमते. उतार आहे २५ चा! म्हणजे बाक उलटसुलट फिरवून पुन्हा पुन्हा मोजल्याशिवाय हे काम होणारच नाही. फिरवून मोजलं, की बाकाचा मूळ वाकडेपणा दोन्हीकडे सारखा लागतो आणि कटून जातो.

वाटेत गार्दाँ नदी आडवी आली. तिथे तीन मजली कमानींचा, ४९ मीटर उंच पाँ द्यु गार हा पूल उभा केला. दगड नदीकाठच्याच खाणीतला, काही ठोकळे सहा टनांपर्यंत. खालच्या दोन मजल्यांत दगड चुन्याविनाच एकमेकांवर बसवलेत. अंगातून मध्येच बाहेर आलेले दगड दिसतात, ते परांचीला टेकू देण्यासाठी ठेवलेले. काम संपल्यावर ते छाटायची तसदी कोणी घेतली नाही. पूल पुरात टिकला, २००२ च्या मोठ्या पुरातही.

शहरात पाणी पोचायचं ते एका गोल हौदात. हा हौद १८४४ मध्ये सापडला. त्याच्या कडेला सुमारे ४० सेंटिमीटर रुंदीची दहा भोकं आहेत, शिशाच्या नळांसाठी. नळ गेले, भोकं राहिली. नीममध्ये हे असंच चालतं.

कालव्याचा घात केला तो मात्र पाण्यानेच. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन चुनखडीत उतरतं आणि चुना विरघळवतं. उघड्यावर आलं, की तो वायू निसटतो आणि चुना पुन्हा घट्ट होऊन बसतो. बोअरच्या पाण्याच्या पातेल्यात तळाशी जो पांढरा थर धरतो, तोच हा. सव्वा मीटरच्या आसपास रुंद असलेल्या कालव्यात तो दोन्ही भिंतींवर वाढत वाढत काही ठिकाणी जवळजवळ अर्ध्या मीटरला पोचला. पाण्याला मध्ये बोळ उरला. कापलेल्या लाकडासारख्या या थरांत वाचायला बरंच आहे. सुरुवातीचे थर दाट आणि स्वच्छ, म्हणजे कालवा झाकलेला आणि देखभाल होत होती. नंतरचे मळकट, भुसभुशीत, झाडांच्या मुळांच्या खुणा असलेले. झाकणाचे दगड हलले होते आणि लक्ष द्यायला कोणी नव्हतं.

पाणी थांबल्यावर आसपासच्या गावकऱ्यांनी कालव्याचे दगड तर नेलेच, पण हा क्षारही सोडला नाही. त्याचे चिरे पाडले आणि चर्चच्या भिंतींत लावले. त्यातले थर आजही नुसत्या डोळ्यांनी दिसतात.