अपडाऊनवाली पोरं आणि कॉलेजातली प्रार्थना : थोडी पार्श्वभूमी

कॉलेजात ख्रिस्ती पोरापोरींचा गट चालवायचा म्हटलं की आमच्याकडं मराठवाड्यात पहिला प्रश्न गाडीचा येतो. पोरं सकाळी मुक्कामी एस्टीनं येतात, दुपारच्या गाडीनं परत, आणि ती चुकली की मग थेट संध्याकाळी, मग प्रार्थनेला बसायचं कधी?

मुळात ही पद्धतच कॅम्पसवर राहणाऱ्यांची. १८७७ ला केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी आपली ख्रिस्ती युनियन काढली, ते कॉलेजातच राहायचे. भारतात स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट १९१२ ची, यू.ई.एस.आय. (युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया) १९५४ ची. यू.ई.एस.आय.चं मला आवडतं ते हे की गट विद्यार्थ्यांनीच चालवायचा, शिकून बाहेर पडलेल्यांनी पाठीशी उभं राहायचं. पण संध्याकाळचा बायबल स्टडी रूमवर राहणाऱ्यालाच जमतो ना.

मराठवाड्यात मिशन जुनं, कॉलेज मात्र उशिरा. १८४३ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री पुढं जालन्याला आले, निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. पण निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठ १९१८ ला झालं ते उर्दू माध्यमाचं, औरंगाबादला इंटरमिजिएट कॉलेज १९२३ ला, आणि डिग्रीला हैदराबाद गाठा. बाबासाहेबांनी १९५० ला औरंगाबादेत कॉलेज काढलं, तेच पुढं मिलिंद, आणि १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ झालं तेव्हा कुठं गावातल्या मजुराच्या पोराला डिग्री जवळ आली. म्हणून आजही कितीतरी घरांत कॉलेजात जाणारी ही पहिलीच पिढी आहे, ख्रिस्ती असो नाहीतर कुणीही.

ख्रिस्ती घरांची अजून एक अडचण आहे आणि ती बोललीच पाहिजे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार दलित माणूस ख्रिस्ती झाला की अनुसूचित जातीच्या सवलती जातात. बौद्धांना त्या १९९० ला केंद्राकडून मिळाल्या, ख्रिस्ती अजून बाहेरच, महाराष्ट्रात त्यांना ओबीसीत धरतात. मग शहरात रूम करून राहणं परवडत नाही, त्यापेक्षा एस्टीचा पास बरा. विद्यार्थ्याला मासिक पासात दोन तृतीयांश सवलत, बारावीपर्यंत मुलींना तर पास फुकट. जी आई पोरीला शहरात ठेवायला तयार नसते ती पास आहे म्हटल्यावर पाठवते, हे मी डोळ्यानं बघितलंय.

म्हणून आमच्याकडं गट वर्गाप्रमाणं नाही तर रूटप्रमाणं बनले. एका रूटची पोरं मधल्या सुट्टीत डबा खाताना वीस मिनिटं बसतात, बायबलातलं एक वचन, एकानं प्रार्थना, संपलं. उरलेला वेळ दाखल्यांचा. उत्पन्नाचा दाखला कुठं काढायचा, स्कॉलरशिपचा फॉर्म कधी सुटतो, एटीकेटी (राहिलेला विषय घेऊन पुढच्या वर्गात जाणं) म्हणजे काय हे घरी सांगणारं कुणी नसतं, एका पोराच्या वडिलांना तर एटीकेटी म्हणजे पोरगं नापासच झालं असं वाटलं आणि ते त्याला कारखान्यावर ऊसतोडीला न्यायला निघाले होते. गटातली एक सिनियर पोरगी रविवारी त्यांच्या गावी जाऊन, उपासना झाल्यावर त्यांच्या ओट्यावर बसून मार्कशीट समजावून आली. माझ्या मते तीसुद्धा मिनिस्ट्रीच, म्हणजे देवाची सेवाच. तो पोरगा आता थर्ड इयरला आहे, त्याच रूटचा गट तोच बघतो.