जहाजाचं डिझाइन आणि चालन सुधारण्यासाठी भावनांचं मोजमाप

जहाजावर काम करणाऱ्या किंवा प्रवास करणाऱ्या माणसाला त्या क्षणी काय वाटतंय, म्हणजे ताण आलाय, कंटाळा आलाय, भीती वाटतेय की तो अगदी निर्धास्त आहे, हे प्रश्नावली, सेन्सर आणि निरीक्षणातून मोजायचं आणि त्यावरून ब्रिजची (जहाज जिथून चालवतात त्या खोलीची) मांडणी, अलार्म, केबिन, वॉचचं (ड्युटीच्या पाळीचं) वेळापत्रक असल्या गोष्टी बदलायच्या, असा हा सगळा प्रकार आहे. याचं वेगळं असं एखादं शास्त्र नाही. मानसशास्त्र, एर्गोनॉमिक्स (माणसाला सोयीची साधनं आणि जागा आखायचं शास्त्र), नेव्हल आर्किटेक्चर (जहाजांची रचना) आणि अलीकडे कॉम्प्युटर सायन्स यांची सरमिसळ आहे, त्यामुळे एकच गोष्ट कोणी ताण म्हणतं, कोणी वर्कलोड म्हणतं, कोणी कम्फर्ट म्हणतं आणि वाचणाऱ्याचा गोंधळ होतो.

कशासाठी

जहाज आधी माल, वेग आणि इंधन बघून आखलं जातं आणि माणूस उरलेल्या जागेत बसवला जातो, हे थोडं कडवट वाटेल पण बऱ्याच मालवाहू जहाजांवर केबिन बघितली की पटतं. त्यात जहाज हे ऑफिसही आणि घरही. वॉच संपली म्हणून इंजिनाचा आवाज, थरथर आणि डोलणं थांबत नाही, माणूस झोपेतसुद्धा त्याच यंत्रात असतो. मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन या जहाजावरच्या कामगारांसाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे २४ तासांत किमान १० तास आणि ७ दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळायला हवी, पण तास मोजले म्हणजे विश्रांती झाली असं नाही, आणि ते तासही कागदावर जुळवून लिहिले जातात हे वर्ल्ड मेरिटाइम युनिव्हर्सिटीच्या २०२० च्या अहवालात स्पष्टच आलंय.

याची किंमत काय असते ते ३ एप्रिल २०१० ला ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर दिसलं. कोळसा घेऊन निघालेलं शेन नेंग १ हे जहाज डग्लस शोल या उथळ भागावर चढलं, आणि चौकशीत निघालं की वॉचवर असलेला चीफ मेट, म्हणजे कॅप्टनखालचा ऑफिसर, आधीच्या ३८.५ तासांत जेमतेम २.५ तास झोपला होता. ठरलेल्या ठिकाणी कोर्स बदलायचा राहून गेला, बस. जहाजावरचं एकही यंत्र त्या माणसाची अवस्था बघत नव्हतं.

पण थकव्यापेक्षा जास्त विचार करायला लावणारं प्रकरण रॉयल मॅजेस्टी या क्रूझ जहाजाचं आहे. जून १९९५ मध्ये बर्म्युडाहून बॉस्टनला जाताना जीपीएसच्या अँटेनाची केबल निसटली, मशीन गुपचूप अंदाजाने जागा दाखवायला लागलं, स्क्रीनवर बारीक अक्षरांत तसं लिहूनही येत होतं, पण जवळपास ३४ तास कोणाच्या लक्षात आलं नाही आणि १० जूनला जहाज अमेरिकेच्या नँटकेट बेटाजवळ वाळूवर बसलं, ठरल्या मार्गापासून साधारण १७ मैल बाजूला. आता गंमत बघा, त्या ३४ तासांत ब्रिजवरच्या ऑफिसरांच्या छातीला ठोके मोजणारे पट्टे लावले असते तर काय दिसलं असतं? बहुतेक सगळे शांत. ठोके नीट, हात कोरडे. आणि तो शांतपणाच तर धोक्याचा होता. या क्षेत्रातला सगळ्यात मोठा पेच हाच आहे, सेन्सर शरीराची अवस्था सांगतो, ती अवस्था त्या प्रसंगाला शोभणारी आहे की नाही हे सांगत नाही.

मोजायचं कसं

भावना मोजायची म्हटलं की आधी ती मांडायची कशी हा प्रश्न येतो. सगळ्यात जास्त वापरात असलेली मांडणी जेम्स रसेल या मानसशास्त्रज्ञाची, १९८० ची. दोन अक्ष, एक सुखद ते दुःखद, दुसरा शरीर किती चेतलंय याचा. भीती आणि आनंद दोन्हीत शरीर चेततं पण पहिल्या अक्षावर त्या दोन टोकांना असतात, तर कंटाळा खाली डावीकडे कुठेतरी. सेन्सरना दुसरा अक्ष बऱ्यापैकी जमतो, पहिला फारसा जमत नाही. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर जाहिरातीतले निम्मे दावे आपोआप गळून पडतात.

म्हणून माणसाला विचारणं अजून सुटलेलं नाही. १९९४ मध्ये ब्रॅडली आणि लँग यांनी चित्रातल्या छोट्या माणसांची एक पट्टी प्रसिद्ध केली, हसऱ्यापासून रडव्यापर्यंत, झोपाळूपासून खडबडून जागं झालेल्यापर्यंत, त्यातलं आपल्याला लागू पडेल ते चित्र निवडायचं. एकाच जहाजावर तीनचार देशांचे लोक असतात आणि सगळ्यांचं इंग्रजी सारखं नसतं, तिथे ही पट्टी फार सोयीची. कामाचा बोजा मोजायला नासाची टीएलएक्स प्रश्नावली आहे, १९८८ ची, सहा मुद्द्यांची, आणि झोप किती येतेय यासाठी १ ते ९ अशी कॅरोलिन्स्का पट्टी. वस्तू बघून काय वाटतं हे डिझाइनमध्ये उतरवायची जपानी पद्धत म्हणजे कान्सेई इंजिनिअरिंग, हिरोशिमा युनिव्हर्सिटीच्या मित्सुओ नागामाची यांनी १९७० च्या दशकात मांडलेली. ती माझदाच्या एमएक्स-५ गाडीमुळे जास्त गाजली, पण पद्धत कुठेही चालते: मोकळं-कोंदट, भक्कम-तकलादू अशा शब्दांच्या जोड्यांवर लोकांकडून मार्क घ्यायचे आणि छताची उंची, रंग, दिव्यांचा उजेड यातलं नेमकं कशामुळे मार्क हलतात ते गणिताने शोधायचं.

सेन्सरच्या बाजूला हृदयाचे ठोके आणि दोन ठोक्यांमधल्या अंतराचा चढउतार, त्वचेची वीज वाहून नेण्याची क्षमता, मेंदूचा ईईजी (विद्युत लहरींचा आलेख), डोळ्यांची हालचाल, लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन अशी यादी आहे. कोबे युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी जहाज चालवणाऱ्यांच्या नाकाच्या शेंड्याचं तापमान वापरून बघितलंय, ऐकायला विचित्र वाटतं पण कारण साधं आहे, ताण आला की त्वचेजवळच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि नाक गार पडतं. नाकाला हात न लावता थर्मल कॅमेऱ्याने हे टिपता येतं, त्यामुळे काम करणाऱ्याला अंगावर काही वागवावं लागत नाही.

खऱ्या जहाजावर मात्र यातलं बरंच कोलमडतं. इंजिन रूममध्ये उकाड्यानेच घाम फुटतो, मग त्वचेचा सेन्सर ताण दाखवतोय की तापमान? शिड्या चढून आलेल्या माणसाचे ठोके वाढलेलेच असतात. थरथरीमुळे ईईजीत कचरा येतो, आणि कपाळाला इलेक्ट्रोड लावून कोणी हेल्मेट घालायला तयार होत नाही.

सिम्युलेटरमध्ये

त्यामुळे बरंचसं काम ब्रिज सिम्युलेटरवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या नकली ब्रिजवर, होतं. साधारण क्रम असा असतो. ऑफिसरला पट्टा आणि बोटांचे सेन्सर लावून आधी काही मिनिटं नुसतं बसवायचं, कारण प्रत्येकाचे शांत असतानाचे आकडे वेगळे असतात आणि ते माहीत नसतील तर नंतरच्या आकड्यांना अर्थ नाही. मग अरुंद चॅनल, धुकं, समोरून येणारं जहाज, व्हीएचएफ रेडिओवर दोघं एकदम बोलतायत, त्यात एखादा अलार्म. स्टिअरिंग, रडार, बोलणं, डोळे, ठोके हे सगळं एकाच घड्याळावर रेकॉर्ड होतं. संपल्यावर त्याच माणसाला व्हिडिओ दाखवून विचारायचं, इथे तुझ्या डोक्यात काय चाललं होतं. समजा ठोक्यांचा चढ समोरचं जहाज जवळ आलं तेव्हा नसून वाजणारा अलार्म कुठल्या पॅनलवर बंद करायचा हे सापडत नव्हतं तेव्हा आला, तर दोष माणसात शोधायचा की पॅनलमध्ये, हे सांगायला वेगळा तज्ज्ञ लागत नाही. सिंगापूरच्या नान्यांग टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी अशा सिम्युलेटरवर ईईजी लावून जहाज चालवणाऱ्यांचा ताण अभ्यासलाय.

थकव्यावरचं सगळ्यात नावाजलेलं काम युरोपियन युनियनच्या होरायझन प्रकल्पाचं, २००९ ते २०१२. ब्रिटनमधली वॉर्सॅश अकादमी आणि स्वीडनचं चाल्मर्स विद्यापीठ यांच्या सिम्युलेटरवर ९० ऑफिसरांना खऱ्या जहाजासारख्या वॉच करायला लावल्या, ब्रिजबरोबर इंजिन आणि कार्गोचीही कामं होती, आणि ईईजीबरोबर झोपेची पट्टीही भरून घेतली. सहा तास काम सहा तास सुट्टी हा क्रम चार तास काम आठ तास सुट्टी या क्रमापेक्षा जास्त थकवतो हे निघालं, काही जण तर वॉचवर चक्क झोपले. त्यातून मार्था नावाचं एक सॉफ्टवेअर तयार झालं, जे वेळापत्रक टाकलं की थकवा कुठे साचणार याचा अंदाज देतं. इथे एक गोष्ट आवडण्यासारखी आहे, मोजलं ९० जणांना पण बदलायला सुचवलं वेळापत्रक, त्या ९० जणांची लायकी ठरवली नाही.

सिम्युलेटरची मर्यादाही उघड आहे. धडक झाली तरी कोणी बुडत नाही हे आत बसलेल्याला पक्कं माहीत असतं.

मोजून काय बदललं

यातलं सगळ्यात जुनं आणि पक्कं मोजमाप म्हणजे बोट लागणं. १९७४ मध्ये ओ'हॅनलन आणि मॅकॉली यांनी माणसांना वरखाली हलणाऱ्या खोलीत बसवून किती टक्के लोकांना उलटी होते हे मोजलं, आणि साधारण ०.२ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे पाच सेकंदांना एक हेलकावा असेल तेव्हा, सगळ्यात वाईट हाल होतात असं निघालं. हे आता आयएसओ २६३१-१ या आंतरराष्ट्रीय मानकात सूत्ररूपाने आहे आणि जहाज कागदावर असतानाच कुठल्या डेकवर किती लोकांना त्रास होईल याचा हिशेब काढता येतो. केबिन आणि ब्रिज कुठे ठेवायचे, स्टॅबिलायझर फिन (डोलणं कमी करणारे पाण्यातले पंख) किती मोठे, हे त्यावर ठरतं. नॉर्वेच्या उल्स्टाइन कंपनीचा मागे झुकलेला एक्स-बो (जहाजाचा पुढचा भाग), जो २००६ मध्ये बोर्बन ऑर्का जहाजावर पहिल्यांदा आला, त्याचा एक मोठा फायदा लाटांचे दणके कमी होऊन आतल्या लोकांना झोप लागते हा सांगितला जातो.

आवाजाचंही तसंच. आयएमओ या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी संस्थेचा नवा नॉइज कोड १ जुलै २०१४ पासून बंधनकारक झाला, त्यात १०,००० ग्रॉस टनेजच्या (जहाजाच्या आतल्या एकूण जागेचं माप) वरच्या नव्या जहाजांत केबिनमध्ये ५५ डेसिबल, त्याहून लहान जहाजांत ६० डेसिबल ही मर्यादा. जहाजं तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या क्लासिफिकेशन सोसायट्या याच्याही पुढे जाऊन कम्फर्टचे वेगळे शेरे देतात.

ब्रिजवर सगळ्यात जास्त वैताग अलार्मचा. प्रत्येक कंपनीचं उपकरण वेगळ्या आवाजात ओरडतं, त्यातले बरेच अलार्म बिनकामाचे, मग माणूस ऐकूनही न ऐकल्यासारखं करायला लागतो आणि खरा अलार्मही त्यात जातो. आयएमओने २०१० मध्ये अलर्ट मॅनेजमेंटचे निकष आणले आणि २०१९ मध्ये नेव्हिगेशनच्या स्क्रीन एकसारख्या दिसाव्यात यासाठी एस-मोडची मार्गदर्शक तत्त्वं. ऑस्लोच्या आर्किटेक्चर अँड डिझाइन स्कूलमधून आलेला ओपनब्रिज हा त्याच दिशेचा प्रयत्न, सगळ्या कंपन्यांना वापरता येतील अशी सारखी बटणं आणि रंग, आणि ती खुली ठेवलेली.

प्रवासी जहाजांवर हेतू वेगळा, तिथे आनंद विकायचा असतो. खिडकी नसलेली आतली केबिन स्वस्त जाते म्हणून २०११ च्या डिस्ने ड्रीमवर भिंतीत गोल स्क्रीन बसवून त्यावर बाहेरच्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवलं. प्रवाशांच्या वागण्याचा गंभीर उपयोग आणीबाणीच्या नियोजनात होतो. सेफगार्ड नावाच्या युरोपियन प्रकल्पात खऱ्या जहाजांवर, प्रवाशांना आधी वेळ न सांगता, अलार्म वाजवून लोक जमायला किती वेळ घेतात ते मोजलं. अलार्म वाजला की सगळे सैरावैरा पळतात ही सिनेमातली समजूत आहे, प्रत्यक्षात लोक आधी एकमेकांकडे बघतात, सामान आवरतात, घरच्यांना शोधतात, आणि हिशेबात हाच वेळ धरावा लागतो.

चेहरा, कायदा आणि भरवसा

कॅमेऱ्याने चेहरा वाचून भावना ओळखणारी सॉफ्टवेअर आता जहाज कंपन्यांनाही विकली जातात. यांच्यापासून जरा जपूनच. २०१९ मध्ये लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाचा मोठा आढावा घेऊन सांगितलं की चेहऱ्यावरून भावना खात्रीने ओळखता येतेच असं नाही, माणसं रागात कपाळाला आठ्या घालतात तशा नुसता विचार करतानाही घालतात. शिवाय रात्री ब्रिजवर मुद्दाम अंधार ठेवलेला असतो, तिथे इन्फ्रारेड नसेल तर कॅमेरा आंधळाच.

युरोपियन युनियनच्या २०२४ च्या एआय कायद्याने तर कामाच्या ठिकाणी भावना ओळखणाऱ्या यंत्रणांवर बंदीच घातली, २ फेब्रुवारी २०२५ पासून, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून. थकवा आणि वेदना या शारीरिक अवस्था असल्याने त्या या कायद्याच्या व्याख्येत भावना धरल्या जात नाहीत. म्हणजे ऑफिसर पेंगतोय का हे बघणारा कॅमेरा चालेल, तो नाखूश आहे का हे बघणारा अडचणीत येईल. सुरक्षेचं कारण सांगून किती काय आत घुसवता येईल हा वादाचा मुद्दा राहणारच.

जुनी पद्धत यापेक्षा सरळ होती. वॉचवरच्या माणसाने ठरावीक वेळात, ३ ते १२ मिनिटांत, हालचाल केली नाही किंवा बटण दाबलं नाही तर अलार्म वाजतो, तोही बंद केला नाही तर कॅप्टनला उठवतो. २०११ पासून ही यंत्रणा टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. ती काय वाटतंय ते विचारत नाही, जागा आहेस का एवढंच विचारते, आणि तरीही ती बंद करून ठेवल्याचे प्रकार अपघातांच्या चौकशीत निघालेत. लोकांना यंत्र आपल्यावर नजर ठेवतंय असं वाटलं की ते त्यातून वाट काढतातच.

जहाजावर हे जास्त टोकदार होतं कारण ज्या कॅप्टनच्या हाताखाली काम करायचं तोच शेरा लिहितो आणि पुढचं कॉन्ट्रॅक्ट त्यावर ठरतं. ताणाचा आलेख ऑफिसात जाणार असेल तर कोण मोकळेपणाने पट्टा बांधेल? म्हणून बरे अभ्यास नावं काढून टाकतात, कच्चा डेटा कंपनीला देत नाहीत, आणि निकाल आधी क्रूला दाखवतात. मिशन टू सीफेअरर्स ही संस्था सीफेअरर्स हॅपिनेस इंडेक्स (खलाशांच्या समाधानाचा निर्देशांक) काढते, दहा प्रश्न, दर तिमाहीला, १० पैकी मार्क. त्यात सेन्सर वगैरे काही नाही, पण इंटरनेट, किनाऱ्यावर उतरायची सुट्टी, कामाचा बोजा यावर लोक निनावी लिहितात आणि बऱ्याचदा ईईजीपेक्षा कामाचं तिथे जास्त सापडतं.

आता किनाऱ्यावरच्या कंट्रोल रूममधून जहाजं सांभाळायची तयारी चाललीय आणि तिथे प्रश्न उलटा होतो. ब्रिजवरच्या माणसाला लाटेचा दणका, इंजिनाचा बदललेला सूर, जहाजाचा झुकाव अंगाने कळतो आणि त्यातूनच वेळेवर धास्ती वाटते, खुर्चीत बसून तीनचार जहाजांचे स्क्रीन बघणाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही. त्यामुळे तिथल्या अभ्यासात ताणाइतकाच कंटाळा मोजला जातो, आणि हलणारी खुर्ची किंवा इंजिनाचा आवाज पुन्हा कृत्रिमरीत्या देऊन फरक पडतो का, हेही तपासण्याजोगं आहे.